तीन उपाशी वाफे

महाडात खांदा धरला की माणूस ज्या दवाखान्यात जातो, तिथे नंबर लागायला इतका वेळ लागतो की बसून बसून मानही धरते. माझा उजवा खांदा तेव्हा असा आखडला होता की हात फळ्यावर वर जाईना. रसायनशास्त्राची समीकरणं मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिहायचे आणि मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून उतरवून घ्यायची. त्या दिवशी नंबराची वाट बघत मी मुलांची जर्नलं तपासत बसले होते. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. डॉक्टर एका बाईंना मोठ्या आवाजात सांगत होते की मानेचे मणके झिजलेत, डोक्यावर भारा घ्यायचा नाही, आता नाही आणि पुढेही नाही.

"मग राब कशानं भाजू?" बाईंनी विचारलं.

"ते मला नका विचारू आजी. मी हाडांचा डॉक्टर आहे."

बाई बाहेर आल्या. गळ्यात नवाकोरा पट्टा, डोक्यावर पदर, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. त्या माझ्या शेजारी टेकल्या, मांडीवरच्या जर्नलांकडे बघितलं आणि डॉक्टरांनी परत केलेला प्रश्न माझ्याकडे सरकवला. "तुमी मास्तरीण ना? मग तुमी सांगा. राब न भाजता आवण येतं काय?"

मी इतकी वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेय आणि जन्मापासून भात खातेय. मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नसलं की शिक्षक जे म्हणतो तेच मी म्हटलं, "बघून सांगते."

आमच्या डोंगरपट्ट्यात भाताचं रोप, म्हणजे आवण, करायच्या आधी वाफ्यावर आग घालतात. थंडी सरता सरता रानातून ऐन-किंजळाच्या पानांसकट फांद्या तोडायच्या, त्याला कवळ म्हणतात. त्याचे भारे उतरवायचे, वाफ्यावर शेण, कवळ आणि पातेरा, म्हणजे सुका पाला, यांचे थर लावायचे, वर थोडी माती टाकायची आणि उन्हाळ्यात ते भाजायचं. हाच राब. मग मृगात त्या काळ्या राखेत बी फेकायचं. झाडावर चढायला पुरुष असतात, भारे मात्र बहुतेक बायकांच्या डोक्यावरून खाली येतात. काकींच्या डोक्यावरून ते चाळीसेक वर्षं आले होते.

काकी म्हणजे त्या दवाखान्यातल्या बाई. त्या पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटरस्त्यापासून पायवाटेने जावं लागतं अशा एका वाडीतल्या. मुलगा आणि सून मुंबईत. काका दम्याने बेजार. मुलाचं म्हणणं असं की आई, जमीन पडीक टाक, तांदूळ मी पाठवतो. काकींना मुलाने पाठवलेला तांदूळ नको होता. राब नाही तर आवण नाही, आवण नाही तर लावणी नाही, आणि एकदा पडीक पडलेलं शेत पुन्हा कुणी उठवत नाही, एवढं सगळं त्यांनी मला त्या बाकड्यावर बसून सांगितलं. माझा नंबर आला तेव्हा मी त्यांच्या वाडीचं नाव जर्नलाच्या पाठीवर लिहून घेतलं होतं. जर्नल कुण्या मुलाचं होतं, ते मला नंतर त्याला समजावून सांगावं लागलं.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. वय झाल्यावर लग्न करणाऱ्याकडे लोक जसं बघतात तसं माझ्याकडे आमच्या स्टाफरूममध्ये बघत. माझा विषय होता भाताच्या तुसाचा कोळसा करून त्याने पाण्यातला रंग शोषून घेणे. रंग शोषला जायचा, आलेख सुंदर यायचे, आणि त्या आलेखांचं पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पुण्याला माझे मार्गदर्शक सर होते, त्यांना मी फोन करून म्हटलं की मला विषय थोडा वळवायचाय. सर म्हणाले, "थोडा म्हणजे किती?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हे अर्धं जीवशास्त्र आहे." मी म्हटलं, "शिकते."

आणि शिकले. आमची माती तांबडी, आंबट, लोहाने भरलेली. झाडाला लागणारं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, तिच्यात असतं, पण लोह ते असं धरून बसतं की कोवळ्या मुळाला सोडत नाही. राबाच्या राखेने मातीचा आंबटपणा कमी होतो, थोडं खत मिळतं आणि आगीने तणाचं बी मरतं. हेच काम आगीशिवाय आणि डोक्यावरच्या भाऱ्याशिवाय करायचं होतं. मातीत काही जिवाणू असे असतात की ते हे अडकलेलं स्फुरद सोडवतात. काकींच्याच शेतातल्या भाताच्या मुळांजवळची माती आणून मी काचेच्या बश्यांत ते वाढवले. बशीतलं दुधी पोषण जिथे जिवाणूंनी फोडलं तिथे भोवती स्वच्छ गोल कडं पडायचं. पहिलं कडं दिसलं तेव्हा मी एकटीच प्रयोगशाळेत होते आणि मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले.

हे जिवाणू पावसात वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांना घर हवं होतं. तुसाचा कोळसा आतून पोकळ असतो, तेच घर. त्याला बांधायला चिकणमाती आणि तांदळाची पेज. या सगळ्याची गोळी करायची. ती हातात फुटता कामा नये, पावसात आठ-पंधरा दिवस टिकली पाहिजे, पण मुळांसाठी हळूहळू सैलही झाली पाहिजे. घट्ट केली तर आतले जिवाणू गुदमरायचे, सैल केली तर पेल्यातल्या पाण्यात चिखल व्हायचा. गोळ्या पाडायला मी घरचा सोऱ्या कॉलेजात नेला, शेवेची जाळी लावून. त्या दिवाळीत आमच्याकडे शेव आणि चकली विकतची आली. नवऱ्याने फराळाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सोऱ्या कुठे आहे ते सांगितलं.

काकींना मी हे जिवाणू प्रकरण समजावायला गेले तेव्हा चांगला अर्धा तास बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे इरजण." माझ्या अर्ध्या तासाचं एका शब्दात काम झालं.

पहिल्या पावसाळ्यात गोळ्यांचा लगदा झाला. दुसऱ्या पावसाळ्यात गोळ्या दगडासारख्या टिकल्या आणि आत सगळं मेलेलं निघालं, कारण कोळसा नीट न धुता, राखेच्या खारासकट, मी तसाच वापरला होता. ही माझी चूक, आणि ती पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळली असती. दोन्ही वर्षं काकींचा मुलगा शिमग्याला रजा काढून आला आणि कवळाचे भारे वाहून गेला. दुसऱ्या वर्षी जाताना त्याने आईला स्पष्ट सांगितलं की आणखी एकदाच येईन, त्यापुढे नाही. इकडे सरांनीही मला सांगितलं की मुदत संपतेय, आणखी एक पावसाळा, त्यात उत्तर मिळालं नाही तर विषय मिटवायचा. म्हणजे त्या तिसऱ्या पावसाळ्यावर काकींचं शेत आणि माझी सगळी वर्षं, दोन्ही टांगलेली होती. मला रात्रीची झोप चांगली लागते, पण त्या उन्हाळ्यात दुपारची लागेना.

तिसऱ्या वर्षी मुलगा शेवटचे भारे वाहून गेला, आणि मी काहीही नशिबावर सोडलं नाही. काकींच्या घरामागच्या उताराच्या वरकस तुकड्यात सारख्या मापाचे नऊ वाफे आखले. तीन राबाचे, तीन गोळ्यांचे आणि तीन ज्यांत काहीच घालायचं नाही. शेवटचे तीन सगळ्यांत महत्त्वाचे, कारण काही न घालता रोप कसं येतं हे दिसल्याशिवाय घातल्याने काय झालं ते कळणार कसं? कुठल्या वाफ्याला काय, हे माझ्या मनाने ठरवलं असतं तर चांगली जागा मी गोळ्यांना दिली असती, मी स्वतःला ओळखते. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या काकींनी उचलल्या. ते त्यांना एकदम पटलं, देवळात पाळी ठरवताना असंच करतात म्हणाल्या. प्रत्येक वाफ्याला बांबूची खुंटी आणि नंबर. बियाणं एकाच पोत्यातलं, मोजून. मी निघताना बजावलं, "काकी, या तिघांत काही म्हणजे काही टाकायचं नाही."

"नाय टाकत गो," काकी म्हणाल्या. तोपर्यंत मी मॅडमची बाय झाले होते आणि तुमीची तू.

पेरणीनंतर पंधराव्या दिवशी मी पट्टी, वही आणि छत्री घेऊन वर गेले. राबाचे वाफे हिरवेगार. गोळ्यांचेही तसेच हिरवेगार, तण जरा जास्त. माझा जीव भांड्यात पडला. मग मी तिसऱ्या जातीच्या वाफ्यांकडे वळले आणि तेही हिरवेगार. एक नाही, तिन्ही. पट्टी लावून बघितली, पुन्हा लावली. उंची जवळपास तेवढीच. काहीच न घालता जर रोप असं येत असेल, तर माझ्या गोळ्या म्हणजे निव्वळ मातीचे गोळे. आणि राबही कशाला मग? पण वाडीतल्या कुणालाही विचारा, राबाशिवाय आवण पिवळं पडतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं.

काकी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बग, सगळे कसे झ्याक आलेत!" मी हो म्हटलं. वही मिटून पिशवीत टाकली.

येताना एसटीत मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "फरक नाही, हेही उत्तरच असतं मॅडम. लिहून टाका." सरांचं बरोबर होतं. मला मात्र त्या क्षणी ते अजिबात आवडले नाहीत. पोलादपूरपासून महाडपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि शेजारच्या बाईंनी मला न विचारता आल्याची वडी दिली.

दुसऱ्या दिवशी सवयीने नऊ वाफ्यांतून आणलेल्या मातीच्या पुड्या तपासायला घेतल्या. आधी सामू, म्हणजे मातीचा आंबटपणा. राबाच्या मातीचा आंबटपणा कमी निघाला, तसा तो निघायलाच हवा होता. गोळ्यांच्या मातीचा मध्यम. आणि रिकाम्या तीन वाफ्यांची माती सगळ्यांत कमी आंबट, राबाहूनही कमी. हे शक्यच नव्हतं. आमची कोरी तांबडी माती अशी कधीच नसते.

मला राग पटकन येतो आणि तो पहिल्या दिसेल त्या माणसावर निघतो. तिथे प्रयोगशाळेतले मामा होते. निवृत्तीला आलेले, शांत, आमच्या सगळ्या बाटल्या पुराच्या भीतीने वरच्या फळीवर रचून ठेवणारे. मी त्यांच्यावर खेकसले की तुम्ही पुड्या उलट्यापालट्या केल्यात, तीन वर्षांच्या कामावर पाणी फिरवलंत. मामांनी एका रिकाम्या वाफ्याची पुडी कागदावर ओतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि चिमट्याने त्यातून काहीतरी उचलून माझ्यासमोर धरलं.

"मॅडम, हे काय आहे?"

मी बघितलं. काळा, वाकडा, बोटाच्या नखाएवढा तुकडा. वास घेतला. बोंबील. जळका सुका बोंबील.

"वाफ्यात बोंबील कसा आला?" मामांनी विचारलं. "ही चुलीतली राख आहे मॅडम."

मी मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "ते राहू द्या, तुम्ही वर जा." मी पुढची एसटी धरली.

काकी अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. मी चपलाही न काढता विचारलं, "काकी, तुम्ही त्या तीन वाफ्यांत राख टाकलीत?"

"टाकली," काकी म्हणाल्या. लपवण्याचा प्रश्नच नव्हता. "रोज सकाळची येक येक सूपभर. पयल्या दिवशीच बगवंना माज्याच्यानं."

"मी तुम्हाला सांगून गेले होते! काही टाकायचं नाही म्हणून!"

"तू बोल्लीस खरी. पन बाकीच्या सा वाफ्यांना तू खायला घातलंस आनि या तिगांनी काय केलंय? असं उपाशी ठेवतात काय कोनाला?"

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही, कारण वयाने एवढ्या मोठ्या बाईशी कुणी असं बोलू नये. तुमच्यामुळे माझं सगळं वाया गेलं, एवढं एक वाक्य मात्र मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. काका आतून खोकत बाहेर आले आणि दारातच उभे राहिले. काकींनी सूप खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांना राग आला नव्हता, त्या गोंधळल्या होत्या.

"अगो, मी तुज्यासाटीच केलं ना," त्या म्हणाल्या. "तुजी कॉलेजची परीक्षा हाय म्हनून. वर बसलेली मानसं येनार, नऊ वाफे बगनार. नऊच्या नऊ पास व्हायला नकोत? तीन नापास झाले तर तुला बोलतील ना. मी बोल्ले, बायचा येकबी वाफा नापास व्हता कामा नये."

मी तिथेच पायरीवर बसले. रोज सकाळी, मानेला पट्टा लावून, वाकता येत नाही म्हणून गुडघ्यावर बसून, ही बाई माझे वाफे पास करत होती. मुलांच्या उत्तरपत्रिकांत मी नेमकं हेच करते, काठावरच्याला इकडून अर्धा, तिकडून एक गुण देऊन वर ओढते. मला आधी हसू आलं आणि मग रडू, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काका घाबरून पाणी घेऊन आले.

पाणी पिऊन झाल्यावर मी काकींना पहिल्यांदा नीट सांगितलं, जे मी तीन वर्षांत सांगायला विसरले होते. ते तीन वाफे नापास व्हायलाच हवे होते. ते पिवळे पडले असते तरच गोळ्यांनी काही केलं असं म्हणता आलं असतं. काकी ऐकत राहिल्या. "म्हंजे त्यांनी उपाशी राहून साक्ष द्यायची व्हती," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो. त्यांनी वाफ्यांकडे बघितलं. "हे आदी नाय सांगायचं व्हय गो?"

खरं होतं. काय करायचं नाही ते मी सांगितलं होतं, का करायचं नाही ते सांगितलं नव्हतं. वर्गात मुलांना ओरडते मी यावरून.

"गोळीच्या वाफ्यात टाकलीत का राख?" मी विचारलं.

"त्यांना कशाला? त्यांचं पोट भरलेलं व्हतं."

म्हणजे राब आणि गोळी यांची तुलना शाबूत होती, आणि त्या दोघांत फरक नव्हता, ही खरं तर फार मोठी गोष्ट होती. फक्त गोळी आणि काहीच नाही, यांची तुलना उरली होती. पण मृग सरून गेला होता. मी तसं म्हटल्यावर काकी उठल्या, आत गेल्या आणि कणगीमागून एक गाडगं घेऊन आल्या. त्यात हळव्या भाताचं बी होतं. कधी रोप कुजलं, वाहून गेलं, तर पुन्हा टाकायला त्या दर वर्षी राखून ठेवत. हळवं भात लवकर तयार होतं, उशिरा टाकलं तरी चालतं.

"वरच्या पट्टीत टाकू," काकी म्हणाल्या. "आत्ताच. चल."

आम्ही पावसात सहा वाफे केले. मी कुदळ मारली, काकी गुडघ्यावर बसून ढेकळं फोडत राहिल्या, काकांनी छत्री धरली, ती कुणावर धरायची ते त्यांना ठरवता येईना. तीन गोळ्यांचे, तीन काहीच नाही. चिठ्ठ्या पुन्हा काकींनीच उचलल्या. या वेळी त्यांनी चिठ्ठी उघडण्याआधी डोळे मिटले.

त्यानंतरचे पंधरा दिवस काकींचे वाईट गेले. रोज सकाळी आठच्या सुमाराला त्यांचा फोन. चौथ्या दिवशी, "उगवलेत सगळे." आठव्या दिवशी, "ते तीन जरा मागं हायत." अकराव्या दिवशी त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "पिवळे पडले गो बाय. बगवत नाय. मी त्या बाजूला जातच नाय आता, ह्यांना पाठवते." मी इकडे स्टाफरूममध्ये टाळी वाजवली. सगळे बघायला लागले. मग फोनवर काकी खरोखर हळहळतायत हे लक्षात आलं आणि मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "काकी, चारच दिवस. मग तुम्ही त्यांना काय हवं ते घाला."

पंधराव्या दिवशी मी पट्टी लावली. पट्टीची गरजच नव्हती. घराच्या ओट्यावरूनही दिसत होतं, तीन हिरवे आणि तीन पिवळे. मी आकडे वहीत लिहीत होते आणि शेवटचा आकडा लिहून पेनला टोपण लावेपर्यंत काकी सूपभर राख आणि शेणकाला घेऊन त्या तीन वाफ्यांपाशी पोचल्या होत्या. "खावा रे," त्या रोपांना म्हणाल्या. "सुटलात."

प्रबंध लिहिताना सरांचं मत होतं की बिघडलेले तीन वाफे वगळावेत. मी वगळले नाहीत. राख, बोंबील, सगळं लिहिलं, आणि चूक कुणाची तेही लिहिलं: सूचना अपुरी दिली, संशोधकाची. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न बोंबलावरच विचारला. मला पदवी मिळाली. महाडात पेढे वाटले, आणि काकींना द्यायला गेले तेव्हा त्यांनी पेढा हातात धरून विचारलं, "मग आता कवळ तोडायचं नाय ना?"

मी नाही म्हटलं. पण प्रयोगातले वाफे हाताएवढे असतात, काकींचं आवण दोन एकरांच्या लावणीला पुरायला हवं. चुकलं तर माझी पदवी कुणी काढून घेणार नव्हतं, शेत त्यांचं पडीक पडणार होतं. मी त्यांना सांगितलं की गोळी तण मारत नाही, बेणणी जास्त करावी लागेल. "ती बसून करता येते," काकी म्हणाल्या. "मानंवर नाय ना येत." पोलादपूरच्या गिरणीतून तूस आणला. वाडीतल्या बचतगटाने पत्र्याच्या पिंपात कोळसा केला आणि धुतला, अगदी तीन पाण्यांनी. शेवयांच्या मशीनवर गोळ्या पाडल्या. जिवाणूंची बाटली मी महाडहून मांडीवर घेऊन नेली. काकींनी ती देवघराशेजारी ठेवली, दुधाच्या विरजणापासून लांब. मुलाचा शिमग्याला फोन आला, येऊ का म्हणून. काकींनी सांगितलं, सणाला ये, भाऱ्याला नको.

वाडीतल्या बाकीच्या बायकांचा यावर काडीचा विश्वास नव्हता. माती मुळातच चांगली असेल, कॉलेजची बाई रोज येऊन काहीतरी शिंपडत असेल, असं पाणवठ्यावर चाललेलं मला काकींनीच सांगितलं.

यंदा मृगानंतर पंधराएक दिवसांनी मी वर गेले. घरामागचं वळण घेतलं आणि काकींचं आवण दिसलं. शेताच्या वरच्या-खालच्या दोन्ही पट्ट्या हिरव्या, मधून मधून बेणून ठेवलेल्या तणाचे ढीग. मी तिथेच उभी राहिले. मला किती बरं वाटलं ते मला सांगता येणार नाही.

मग पायवाटेच्या अगदी कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल असा, एक छोटा वाफा दिसला. पिवळा, खुरटा. माझ्या मनात आलं, गोळ्या कमी पडल्या असतील. ओट्यावर पोत्यात उरलेल्या दिसत होत्या. मी मूठभर घेतल्या आणि वाफ्यापाशी वाकले, तेवढ्यात मनगटावर हात पडला.

"ठेव खाली," काकी म्हणाल्या. "त्याला कायबी घालायचं नाय."

"अहो, पण हा पिवळा पडलाय."

"पडू दे. मुद्दाम ठेवलाय मी. चिठ्ठी टाकून." त्यांनी माझ्या मुठीतल्या गोळ्या एकेक करून काढून घेतल्या. "मला तरी बगवतो व्हय? पन ह्याच्यावाचून त्या बायांना कळनार कसं?"

खालून दोन बायका कळशा घेऊन वर येत होत्या. काकी माझा हात सोडून वाटेवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या दोघींना वाफा बघायला हाक मारली.